पोचपावती आली का?

"तुझा तो सर्व्हर नक्की ठेवलाय कुठे?" बाबांनी फोनवर विचारलं.

"सिंगापूरला."

"तिथे पूर येतो का?"

"छे हो बाबा!"

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पुन्हा जिन्यात पाणी बघायला गेले.

ऑगस्ट २०१९. कृष्णा सांगली शहरात शिरली होती. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गावभागातलं आमचं घर पाण्यात. आई-बाबा समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बाबांच्या जुन्या मित्राकडे. घरात पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या वह्या होत्या. टपाल खात्यात ३६ वर्षं काढलेल्या माणसाच्या वह्या... त्या गेल्या. पण त्यातलं बरंचसं त्यांनी आधीच टाइप करून माझ्या सर्व्हरवर चढवलं होतं. त्यामुळे मी पुण्यात बसून छाती फुगवून सांगत होतो, "काळजी नको, सगळं सेफ आहे."

अडीच महिन्यांनी मी एक ओळ टाइप केली आणि ते सगळं पुसून टाकलं. पूर नाही, चोर नाही, कुठला हॅकर नाही. मी! महिन्याच्या महिन्याला सॉफ्टवेअरचाच पगार घेणारा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे आज सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिनाभरात तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला. "यार, स्वतःचा सर्व्हर टाकायचाय. फोटो, कागदपत्रं, घरचं सगळं आपल्याच ताब्यात हवं. काय काय लागतं?" तिघांनाही वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहावं. काय लागतं ते सांगतोच. पण माझ्याकडे काय नव्हतं, तेही सांगतो.

भाड्याचं घर

आमच्या पिढीला पहिला धडा ऑर्कुटने दिला. आठवतंय? स्क्रॅपबुक, टेस्टिमोनियल, 'कोण कोण आपलं प्रोफाइल बघून गेलं' ते चोरून बघणं! २००४ साली सुरू झालेलं ते दुकान ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आधी नोटीस आली होती, डेटा उतरवून घ्यायची सोयही होती. पण किती जणांनी उतरवला? मी नाही उतरवला. कॉलेजमधली अर्धी दोस्ती आणि एक पूर्ण प्रेमप्रकरण त्यात गेलं. (ते प्रेमप्रकरण गेलं ते बरंच झालं, पण तो वेगळा विषय.)

थोडक्यात काय, फुकटचं घर हे भाड्याचंही नसतं. मालकाने सोसायटी पाडायची ठरवली की आपण ट्रंक उचलायची.

त्यामुळे २०१८ च्या दिवाळीत बाबा म्हणाले, "मला माझ्या आठवणी लिहायच्या आहेत, पण फेसबुकवर नकोत, तिथे माणसं वाचत नाहीत, नुसता अंगठा दाखवतात," तेव्हा माझ्या अंगात संचारलं. म्हटलं, बाबांसाठी स्वतःचं घर बांधायचं. स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा डेटाबेस, स्वतःची साइट.

बाबा आणि खिडक्या

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर थंडगार खोली, निळे दिवे आणि भिंतभर कपाटं येतात. प्रत्यक्षात मी महिना पाच डॉलरला एक कोपरा भाड्याने घेतला. १ जीबी मेमरी, थोडी डिस्क, त्यावर उबुंटू लिनक्स. एका मोठ्या मशीनचे अनेक भाग पाडतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच स्वतंत्र मशीन आहे. चाळीतल्या खोलीसारखं. तांत्रिक भाषेत व्हीपीएस.

त्या दिवाळीत मी सांगलीला होतो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली.

"हे काय चाललंय?"

"फायरवॉल लावतोय बाबा. मशीनला हजारो पोर्ट असतात. बहुतेक सगळी बंद ठेवायची. मोजकीच उघडायची."

"म्हणजे खिडक्या."

"म्हणजे?"

"अरे, पोस्टात नसतात का? स्टॅम्पांची खिडकी वेगळी, मनीऑर्डरची वेगळी, बचत बँकेची वेगळी. आणि मागे एक दार, ते फक्त स्टाफला."

खरं सांगतो, कॉलेजात चार वर्षं शिकूनही मला पोर्ट इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. ८० आणि ४४३ या पब्लिकच्या खिडक्या. ८० वर साधी वेबसाइट, ४४३ वर कुलूपवाली, म्हणजे ज्यात पाठवलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. २२ नंबरचं ते स्टाफचं मागचं दार, एसएसएच. तिथून मी आत शिरून काम करायचं. त्या दाराला पासवर्ड ठेवूच नये, चावीची फाइल ठेवावी. कारण मशीन सुरू केल्यावर थोड्याच वेळात लॉग उघडून पाहा, जगभरातून कुणीकुणी 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावं घेऊन कडी वाजवत असतं. माणसं नसतात ती, दिवसरात्र फिरणारे प्रोग्रॅम असतात. तुमच्यावर त्यांचा काही राग नसतो. प्रत्येकच दाराची कडी ते हलवून बघतात.

आणि ३३०६. ही मायएसक्यूएल या डेटाबेसची खिडकी. ही पब्लिकला कधीच उघडायची नाही. वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर डेटाबेसने फक्त त्याच मशीनचं ऐकावं, एवढीच सेटिंग ठेवायची. "कॅशरला थेट पब्लिकसमोर बसवायचं नाही," बाबांनी निकाल दिला.

हे हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या दुसऱ्या एका डेटाबेसची हजारो ठिकाणं पासवर्डशिवाय इंटरनेटवर सताड उघडी सापडली. कुणीतरी आत शिरून डेटा पुसला आणि जागी चिठ्ठी ठेवली, पैसे पाठवा. त्यात कुठलीही थोर हॅकिंगची विद्या नव्हती. खिडकी उघडी होती, बस.

'माय' म्हणजे माझं नव्हे

वर्डप्रेस मी निवडलं कारण ते सोपं आहे. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर पाच मिनिटांत बसतं अशी त्याची ख्याती. पाच नाही, पण पंधरा मिनिटांत बसलं. त्याला फक्त चार गोष्टी सांगायच्या. डेटाबेस कुठे आहे, त्याचं नाव काय, युजर कोण, पासवर्ड काय.

आता गंमत ऐका. वेबसाइट म्हणून आपल्याला जे दिसतं ना, रंग, अक्षरं, बटणं, ते सगळं पुन्हा उभं करता येतं. पुन्हा डाउनलोड करा, पुन्हा बसवा. माणसाने टाइप केलेला मजकूर मात्र डेटाबेसात असतो. तो जगात दुसरीकडे कुठेच नसतो. म्हणजे वेबसाइट हा नुसता काउंटर, खरं टपाल आतल्या खोलीत.

मायएसक्यूएलमधलं 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. ते माँटी विडेनियस यांच्या थोरल्या लेकीचं नाव. १९९५ मध्ये त्यांनी दोन स्वीडिश साथीदारांबरोबर हा डेटाबेस आणला. पुढे कंपनी २००८ मध्ये सनने घेतली, २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं. तोवर माँटी बाहेर पडून त्याच पायावर दुसरा डेटाबेस उभा करायला लागले होते. त्याचं नाव मारियाडीबी. मारिया ही धाकटी. बाबांना हे फार आवडलं. "लेकींच्या नावाने काढलंय ना, मग टिकेल," म्हणाले.

पण त्या स्वीडिश मुळांमुळे एक गडबड बरीच वर्षं चालली. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये, काही न सांगता डेटाबेस तयार केला की त्याची अक्षरं 'लॅटिन-१' आणि क्रमवारी चक्क 'स्वीडिश' असायची! म्हणजे सांगलीच्या पोस्टमास्तरांच्या आठवणी स्वीडिश बाराखडीने लावायच्या. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. तिथे मराठी घालायला गेलं तर नशीब चांगलं असेल तर एरर येते. नशीब वाईट असेल, म्हणजे सेटिंग जुनी आणि सैल असेल, तर तो मुकाट्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. ती प्रश्नचिन्हं पुन्हा मराठी होत नाहीत. कधीच नाही.

वर्डप्रेस आपली टेबलं स्वतःच नीट मांडतं म्हणून मी वाचलो. पण तुम्ही दुसरं काही बसवणार असाल तर डेटाबेस तयार करतानाच 'यूटीएफ-८ एमबी-४' असं स्पष्ट सांगा. शेवटचं 'एमबी-४' विसरू नका. कारण मायएसक्यूएलचं नुसतं 'यूटीएफ-८' हे अर्धवट होतं. एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. त्याला ४ लागतात. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून हे एमबी-४ आपोआप मिळतं. माझ्याकडे तेव्हा ५.७ होती.

हे सगळं लावलं, रोज पहाटे तीनला बॅकअप घ्यायचा क्रॉनही लावला. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा शिपाई. डेटाबेसची प्रत काढायची, दाबून लहान करायची, तारखेच्या नावाने ठेवायची, ३० दिवसांहून जुनी टाकून द्यायची. बाबांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि एकच विचारलं, "पोचपावती येते का?"

"कसली?"

"प्रत पोचली म्हणून."

मी हसलो. "बाबा, फाइल दिसतेय ना तिथे!"

१२ ओळी

बाबा लिहीत गेले. दोन बोटांनी, रोज तास-दीड तास. शिराळ्यातली पहिली पोस्टिंग, देवरुखचा पाऊस, तार घेऊन गेल्यावर दारातच रडायला लागणारी माणसं. (तार पुढे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) आई कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणायची. स्क्रीनवर वाचून तिचे डोळे दुखतात. माझी भाची मेलबर्नहून खाली दोन ओळी लिहायची. सगळं मस्त चाललं होतं.

पुराच्या दिवसांत तर बाबा मोबाइलवर लिहीत होते. मित्राच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज करायचा, रेंज आली की चढवायचं. छोट्या छोट्या नोंदी. सकाळी सातला पाणी कितव्या पायरीवर, दुपारी कितव्या. होडीतून दूध कुणी आणलं. शेजारच्या आजींना कसं उतरवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी साइटसाठी मोठ्या अक्षरांची नवी थीम बघत होतो. आईसाठीच. चालू साइटवर प्रयोग नकोत इतकी अक्कल होती, म्हणून वेगळा ट्रायल डेटाबेस केला. लॅपटॉपवर मार्च महिन्यातली एक प्रत पडली होती, ती त्यात टाकली. प्रयोग झाला. रात्री साडेअकरा वाजले होते. म्हटलं, ट्रायल पुसून टाकू आणि झोपू.

एकाचं नाव 'बाबा', दुसऱ्याचं 'बाबा ट्रायल'. 'ड्रॉप डेटाबेस' लिहिलं, पुढे 'बाबा' लिहिलं आणि एंटर दाबलं.

मायएसक्यूएल तिथे "नक्की ना?" असं विचारत नाही. त्याने लगेच शांतपणे उत्तर दिलं, 'क्वेरी ओके, १२ रोज अफेक्टेड.' म्हणजे १२ ओळींवर परिणाम झाला. वर्डप्रेसची मूळ टेबलं बरोब्बर १२ असतात.

तो आकडा वाचला आणि पोटात खड्डा पडला. साइट उघडली. 'डेटाबेस सिलेक्ट करता येत नाही.' तरी म्हटलं, घाबरायचं नाही. क्रॉन आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये गेलो. ३० फाइली. रोजची एक. तारखा बरोबर. कालची उघडली. रिकामी. परवाची, रिकामी. मग पहिल्यांदा साइजच्या रकान्याकडे बघितलं. २० बाइट. २० बाइट. २० बाइट. तीसच्या तीस.

रिकामी पाकिटं

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मार्चमध्ये मी शहाणपणाने डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. त्याआधी खबरदारी म्हणून एक प्रत लॅपटॉपवर उतरवली, तीच ती मार्चची. वर्डप्रेसमध्ये नवा पासवर्ड लिहिला. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये लिहायला विसरलो. झालं! त्या रात्रीपासून प्रत काढणारा प्रोग्रॅम रोज दारात अडवला जात होता. पण त्याच्यापुढे उभा असलेला दाबणारा प्रोग्रॅम, जीझिप, त्याला काय? जे येईल ते दाबायचं. काहीच आलं नाही तर 'काहीच नाही' दाबायचं. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल २० बाइटांची होते. क्रॉन एररची मेलही पाठवू बघत होता, पण त्या मशीनवर मेलची सोयच मी केली नव्हती. आणि भाडं देतो त्या कंपनीकडे वरच्या थोड्या पैशांत स्वतंत्र बॅकअप मिळत होता, तो मी 'कशाला हवाय' म्हणून घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मग म्हणाले, "म्हणजे सात महिने तू रोज रिकामं पाकीट सीलबंद करून पाठवत होतास."

"हो."

"आणि पाकिटाचा गठ्ठा बघून टपाल गेलं असं समजत होतास."

मी गप्प. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

हिशेब असा. मार्चनंतरच्या ३१ नोंदी गेल्या. त्यातल्या जुलैपर्यंतच्या १९ आईच्या प्लॅस्टिकच्या फाइलीत होत्या. घर सोडताना तिने बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, औषधं आणि लाइटबिलांबरोबर ती फाइल उचलली होती. ट्रंक नाही, सर्व्हर नाही, आईची पिशवी! बाबांनी त्या १९ पुन्हा टाइप केल्या. उरल्या १२. पुरानंतर झेरॉक्सवाल्याचं दुकानच चिखलात होतं, प्रिंट कुठून निघणार? त्यातल्या नंतरच्या ४ बाबांनी पुन्हा लिहिल्या. पुराच्या दिवसांतल्या ८ नाही लिहिल्या. मी दोन-तीनदा म्हटलं. तर म्हणाले, "पाणी कितव्या पायरीवर होतं ते तेव्हा मोजून लिहिलं होतं. आता अंदाजाने काय लिहू?"

त्या ८ नोंदी नाहीत. साइटवर ऑगस्ट २०१९ रिकामा आहे.

आणि हो, मार्चच्या प्रतीनेही जाता जाता चिमटा काढलाच. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला मी एमबी-४ सांगितलं नव्हतं, तो ५.७ च्या जुन्या अर्धवट यूटीएफ-८ मध्येच बोलत होता. मराठी सगळी शाबूत. पण भाचीने 'आजोबा, मस्तच' लिहून पुढे तीन हात जोडले होते, तिथे तीन प्रश्नचिन्हं आली. 'आजोबा, मस्तच???' बाबांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "हिला नक्की आवडलंय की शंका आहे?"

मोठ्यांच्याही घरी

मला वाटलं होतं, असा गाढवपणा करणारा मी एकटाच. मग गिटलॅबची गोष्ट वाचली. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात ती ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा त्यांच्या एका थकलेल्या इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या एकाहून अधिक सोयी होत्या. रोज डेटाबेसची प्रत काढणारी जी होती, ती आवृत्ती जुळत नसल्याने कधीचीच बंद पडली होती आणि ते सांगणाऱ्या मेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेल्या एका प्रतीवर ते वाचले. तेवढ्या तासांचं काम मात्र गेलं. पण कौतुक त्यांचं, की सगळं लोकांसमोर मांडलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि त्या इंजिनीअरवर खापर फोडलं नाही.

माझ्या घरीही खापर फुटलं नाही. बाबांनी फक्त एक नियम घालून दिला.

तर, टाकायचाय का सर्व्हर?

टाका की! शिकायला मिळतं, मजा येते आणि आपल्या वस्तू आपल्या छपराखाली राहतात. पण हे एवढं करा.

डेटाबेसची खिडकी बाहेरच्यांना बंद ठेवा. साइटसाठी वेगळा युजर करा आणि त्याला त्याच्याच डेटाबेसपुरते अधिकार द्या. सिक्युरिटीचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय करा. अक्षरांचा संच यूटीएफ-८ एमबी-४, डेटाबेसलाही आणि प्रत काढतानाही. प्रयोगाचा डेटाबेस शक्यतो वेगळ्या मशीनवर ठेवा, नाहीतर निदान नाव तरी असं द्या की झोपेतही गफलत होणार नाही. आणि रात्री साडेअकराला काहीही पुसू नका. सकाळी पुसा.

बॅकअपसाठी पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुळवलेला ३-२-१ चा नियम पाठ करा. ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली १ घराबाहेर. बॅकअप फसला तर फोनवर मेसेज आला पाहिजे. नेहमीपेक्षा फाइल एकदम लहान झाली तरी आला पाहिजे. आणि चाव्या-पासवर्ड कुठे आहेत ते तुमच्याशिवाय आणखी एकाला माहीत हवं. आमच्याकडे ताईकडे एक बंद पाकीट आहे. (भरलेलं!)

यातलं काही जमणार नसेल, महिन्यातली एक सकाळही देता येणार नसेल, तर खरंच टाकू नका. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिसमध्ये ठेवा आणि अधूनमधून एक प्रत उतरवून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. स्वतःच्या घरात गळणारं छप्पर मालकाला नाही, आपल्यालाच दुरुस्त करावं लागतं.

आणि आता बाबांचा नियम. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तो एकदाही चुकलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आदल्या रात्रीची प्रत उतरवतो आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर शून्यापासून साइट उभी करतो. नुसती फाइल बघायची नाही. उभी करायची. वीसेक मिनिटं लागतात. मग सांगलीला व्हिडिओ कॉल लावायचा. बाबा मनात येईल तो आकडा सांगतात, "सत्तेचाळीस." मी ती नोंद उघडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. जोडाक्षरं नीट आहेत ना, शेवटची ओळ शेवटपर्यंत आहे ना, ते ऐकतात. आई मागून एखादी दुरुस्ती सुचवते, "तो पोस्टमन शिराळ्याचा नव्हे, देवरुखचा."

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, स्पीड पोस्टमध्ये मिसळली गेली. ती बातमी आली त्या दिवशी बाबा जरा गप्प होते. मग त्यावरच एक नोंद लिहिली. आज साइटवर २१४ नोंदी आहेत.

परवाच्या रविवारी मला उठायला उशीर झाला. साडेनऊला फोन वाजला. "हॅलो" नाही, "कसा आहेस" नाही.

"पोचपावती आली का?"

"लावतोय हो बाबा, पाच मिनिटं."

"लाव. एकशेतीस नंबर काढून ठेव."